‘ब्रेशिया, १६२५’ असं लिहिलेलं जर्मन व्हायोलिन: विकावं, जपावं की वाजवावं?

प्रश्न : माझे आजोबा गिरगावात राहायचे. नोकरी सांभाळून गणपतीच्या मेळ्यांत आणि हौशी नाटकांत व्हायोलिनची साथ करायचे. १९३५-३६ च्या सुमाराला त्यांनी मुंबईतच एक जुनं व्हायोलिन विकत घेतलं होतं. ते आता आमच्याकडे फोंड्याला आहे. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘जिओ. पाओलो माज्जिनी, ब्रेशिया, १६२५’ असं छापलंय, आणि खालची एक ओळ कुणीतरी खरवडून काढल्यासारखी दिसते. कडेने दोन काळ्या रेघा आहेत, पाठीवर पानांची नक्षी आहे. लंडनला असलेला माझा चुलतभाऊ म्हणतो, हे कोटींत जाईल, पुढच्या खेपेला मी घेऊन जातो. एका विक्रेत्याने ‘जर्मन डबडं’ म्हणत पाच हजार देऊ केले. काकांचं म्हणणं, जे येतील ते वाटून घेऊ. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ती काही वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय आणि तिला हेच वाजवायचंय. पण वाद्याला एका बाजूला फट गेलीय, तारा नाहीत, गजाचे केस झडलेत. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर देतो. तुमचं व्हायोलिन ब्रेशियाच्या माज्जिनीचं नाही. तुम्ही कळवलेल्या खुणा पाहता ते जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, फोग्टलांड नावाच्या डोंगराळ मुलखात, साधारण १८८० ते १९२५ या काळात झालेलं असणार. कोटींचा विचार मनातून काढून टाका. पण पाच हजारांना देऊ नका, आणि लंडनलाही घाईने पाठवू नका. लाकूड धड असेल तर दुरुस्त करून मुलीच्या हातात द्या. असं का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो, म्हणजे काकांना आणि भावाला तुम्हाला नीट समजावता येईल.

चिठ्ठीपासून सुरुवात करू. जोव्हान्नी पाओलो माज्जिनी हा १५८० साली जन्मलेला, ब्रेशिया शहरातला थोर कारागीर. गास्पारो दा सालो याच्या हाताखाली तो शिकला. १६३० च्या सुमाराला उत्तर इटलीत प्लेगची भयंकर साथ आली. त्या साथीतच तो गेला असावा, असं मानतात. ब्रेशियातलं काम त्यानंतर थंडावलं. जवळच्याच क्रेमोना शहरात निकोलो आमाती हा कारागीर साथीतून वाचला आणि पुढचा सगळा इतिहास तिकडे वळला. माज्जिनीची म्हणून जाणकारांनी मान्य केलेली वाद्यं आज जगात मोजकीच आहेत. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, माज्जिनी आपल्या चिठ्ठीवर साल घालत नसे. नुसतं नाव आणि ब्रेशिया. म्हणजे तुमच्या भावाला ज्या ‘१६२५’ चा एवढा भरवसा वाटतो, तो आकडाच सांगतो की चिठ्ठी त्याची नाही.

आता दुहेरी रेघ. व्हायोलिनच्या कडेने आत जी बारीक काळी-पांढरी-काळी पट्टी बसवलेली असते तिला पर्फलिंग म्हणतात. ती शोभेला असतेच, पण तिचं खरं काम म्हणजे कडेला पडलेली भेग आत पसरू न देणं. क्रेमोनाचे लोक एक पट्टी बसवायचे. माज्जिनीने आपल्या पुष्कळ वाद्यांवर (सगळ्या नव्हे) दोन बसवल्या, आणि काहींच्या पाठीवर त्याच पट्टीची पानासारखी नक्षी गुंफली. त्याची व्हायोलिनं आकारानेही मोठी, आवाजाला खोल आणि गडद. या गडद आवाजाच्या प्रेमात पडला शार्ल द बेरियो, एकोणिसाव्या शतकातला गाजलेला बेल्जियन वादक. तो मैफलीत माज्जिनीचं व्हायोलिन वाजवायचा. त्याचं ऐकून लोकांना माज्जिनी हवासा वाटू लागला, पण असल माज्जिनी आणायचं कुठून? पॅरिसमध्ये ज्याँ-बातिस्त व्हियोम (१७९८–१८७५) याने त्या धर्तीवर उत्तम वाद्यं केली. त्याची वाद्यं परवडणारा वर्ग लहान होता. बाकीच्या जगासाठी फोग्टलांड होतं.

या मुलखाबद्दल मला थोडं मोकळेपणाने लिहू द्या, कारण ‘जर्मन डबडं’ हे शब्द वाचून मला मनापासून वाईट वाटलं. फोग्टलांडातल्या मार्कनॉयकिर्खेन गावात १६७७ मध्ये व्हायोलिन कारागिरांचा संघ स्थापन झाला. तो स्थापणारे लोक शेजारच्या बोहेमियातून धर्मछळामुळे घरदार सोडून आलेले प्रॉटेस्टंट कारागीर होते. दोनशे वर्षांत त्या गावाने आणि सीमेपलीकडच्या शोनबाखने (आज ते चेक प्रजासत्ताकातलं लुबी) असा पसारा उभा केला की जगातली फार मोठ्या संख्येने व्हायोलिनं तिथूनच जाऊ लागली. गावात मोठा कारखाना नव्हता. काम घराघरांत वाटलेलं होतं. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त माना आणि त्यांच्या टोकाची गुंडाळी कोरायची, दुसऱ्या घरात पोटाच्या, म्हणजे पुढच्या बाजूच्या, फळ्या घडवायच्या, तिसऱ्यात पाठी, कुठे नुसत्या खुंट्या, कुठे गज. व्यापारी हे सगळं गोळा करून जुळवून घ्यायचे, वार्निश करून घ्यायचे आणि खोकी भरून बाहेर पाठवायचे. हा व्यापार इतका वाढला की अमेरिकेने १८९३ मध्ये या छोट्याशा गावात आपली वाणिज्य वकिलात थाटली, आणि ती १९१६ पर्यंत चालली. फळ्या घडवणाऱ्या माणसाला त्यातून फार थोडं मिळायचं. पण आयुष्यभर एकच गोष्ट कोरून त्या हातांना जी सफाई आली होती, ती तुमच्याकडच्या वाद्यातही कुठे ना कुठे दिसेल.

व्यापाऱ्यांच्या यादीत व्हायोलिनं जुन्या थोर कारागिरांच्या नमुन्यांवरून ओळखली जायची. स्ट्रॅडिव्हेरियस नमुना, ग्वार्नेरी नमुना, आमाती नमुना, श्टाइनर नमुना, माज्जिनी नमुना. ज्या नमुन्याचं व्हायोलिन, त्या नावाची चिठ्ठी आत. येवल्यात विणलेली साडी आपण पैठणी म्हणूनच घेतो, आणि ती पैठणला विणलेली नाही हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. तसाच हा व्यवहार होता. तेव्हा आजोबांना कुणी फसवलं, असं मनात आणू नका. त्यांनी विकत घेतलं तेव्हा दुकानदाराने ‘माज्जिनी मॉडेल’ म्हणूनच दाखवलं असण्याची शक्यता मोठी आहे. फसवणूक होते ती नंतर, नमुना म्हणजे काय हे विसरलेल्या पुढच्या पिढीची.

त्या खरवडलेल्या ओळीतही अशीच एक गोष्ट दडलेली असू शकते. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि अमेरिकेने १८९० मध्ये परदेशी मालाबद्दल कायदे केले, आणि तेव्हापासून अशा चिठ्ठ्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘जर्मनी’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ दिसू लागलं. जुना माल जास्त किमतीला खपवायचा असला की मधला एखादा माणूस तेवढीच ओळ खरवडायचा. तुमच्या चिठ्ठीवर तसंच झालं असावं. भिंगातून पाहा, एखाद्या अक्षराचा पाय शिल्लक असेल. पण तिथे काहीच सापडलं नाही म्हणून ते इटालियन ठरत नाही. हा शिक्का नसलेली जर्मन व्हायोलिनंही भरपूर आहेत.

चिठ्ठी बाजूला ठेवून लाकडाकडे पाहायला शिकलात तर तुमचं निम्मं काम होईल. यासाठी एक छोटी बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा गोल आरसा पुरतो. पोटाच्या फळीवर इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रं असतात. डाव्या छिद्रातून आरसा आत सरकवा आणि फळीची आतली बाजू पाहा. तिथे जाड तारेच्या बाजूला लांबट पट्टी दिसेल, तिला बासबार म्हणतात. ती वेगळी घडवून सरसाने चिकटवलेली आहे की त्याच फळीतून कोरून मोकळी सोडलेली आहे? कोरलेली असेल, आणि आतलं लाकूड पटाशीच्या खुणांनी खडबडीत असेल, तर वाद्य स्वस्तातल्या दर्जाचं. चिकटवलेली असेल आणि आतून फळी गुळगुळीत असेल, तर बरंच वरच्या दर्जाचं. मग आरसा चारही टोकदार कोपऱ्यांकडे वळवा. चांगल्या व्हायोलिनमध्ये कोपऱ्यांत आतून लाकडाचे ठोकळे असतात. स्वस्त मालात ते नसतात, किंवा वरवर पाहणाऱ्याला ठोकळा वाटावा म्हणून नुसती चपटी चिप लावलेली असते.

बाहेरून गुंडाळी पाहा. तिच्या मागच्या बाजूने दोन समांतर खोबणी खाली उतरत येतात आणि गुंडाळीच्या हनुवटीखाली शिरतात. इटालियन आणि चांगल्या कामात त्या अगदी शेवटपर्यंत, गळ्यात खोलवर जातात. फोग्टलांडच्या साध्या मालात त्या घड्याळात सहा वाजतात तिथेच थांबतात, कारण पुढे पटाशी फिरवणं वेळखाऊ. माज्जिनी नमुन्याच्या जर्मन व्हायोलिनांना बऱ्याचदा गुंडाळीचा एक वळसा जास्तही दिलेला असतो. दुहेरी रेघही भिंगाखाली तपासा. ती लाकडाची पट्टी असेल तर तिच्या कडेला जोड दिसेल. नुसती शाईने ओढलेली असेल तर ती लाकडाच्या रेषांवरून सरळ वाहत जाते. वार्निश मध्ये फिकट आणि कडांकडे गडद असेल, तर वाजवून वाजवून झिजल्याचा आभास नवेपणीच दिलेला आहे. त्या काळात हीच फॅशन होती. एवढ्या गोष्टी पाहून तुम्हाला वाद्याचा दर्जा कुठल्याही विक्रेत्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे कळेल.

झाडाच्या वार्षिक वलयांवरून फळीचं लाकूड कुठल्या काळातलं ते ठरवण्याची शास्त्रीय पद्धतही आहे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या १७१६ च्या ‘मसाया’ स्ट्रॅडिव्हेरियसवरून झालेल्या वादात तिचा मोठा आधार घेतला गेला. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. तपासणीचा खर्च वाद्याला परवडणार नाही आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे.

फटीबद्दल तुम्ही थोडक्यात लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्या पत्रातला तोच कळीचा मुद्दा आहे. फट कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. फळी आणि बाजूची पट्टी यांच्या जोडावर, कडेलगत असेल, तर घाबरू नका. व्हायोलिन जनावरांच्या कातड्याच्या सरसाने जोडतात आणि तो सरस मुद्दाम थोडा कमजोर ठेवतात. गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. अशा वेळी जोड सुटला म्हणजे लाकूड तडकण्यापासून वाचलं. असा सुटलेला जोड जाणकार माणूस थोड्या वेळात, थोड्या खर्चात बसवून देतो. पोटाच्या फळीवर उभी भेग असेल तर काम मोठं, पण करण्याजोगं. भेग पाठीवर, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) पातळीला, बारीक तारेच्या बाजूला असेल तर मात्र थांबा. तिथे आतून साउंडपोस्ट नावाची काठी टेकलेली असते आणि तारांचा सगळा ताण तिच्यावाटे पाठीवर येतो. त्या जागची भेग वाद्याची किंमत एकदम खाली आणते, आणि तिची दुरुस्ती अशा दर्जाच्या व्हायोलिनला सहसा परवडत नाही. याशिवाय लाकडाला बारीक छिद्रं आणि पेटीत पिठासारखा भुसा दिसतोय का तेही पाहा. किनारपट्टीच्या हवेत बंद पेटीत वर्षानुवर्षं राहिलेल्या वाद्याला कीड लागते.

किमतीचं सांगतो. फोग्टलांडची माज्जिनी नमुन्याची साधी व्हायोलिनं परदेशी लिलावात काही शे डॉलरपासून, अवस्था आणि दर्जा चांगला असला तर एखाद-दोन हजार डॉलरपर्यंत जातात. मार्कनॉयकिर्खेनमध्येच अर्न्स्ट हाइनरिख रोथसारखे कारागीर होते. त्यांच्या १९२० च्या दशकातल्या इटालियन धर्तीच्या व्हायोलिनांना आज खूप वरची किंमत येते. पण त्यांच्या आत त्यांची स्वतःची चिठ्ठी आणि शिक्का असतो. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही. म्हणजे विक्रेत्याचे पाच हजार फार कमी, भावाचे कोटी साफ चुकीचे. प्रवासखर्च, लिलावगृहाचा हिस्सा आणि कर वजा केले की काका, भाऊ आणि तुमच्यात वाटून घ्यायला उरेल किती, याचा हिशेब तिघांनी एकदा कागदावर मांडावा.

भावाची खात्री पटत नसेल तर वाद्य हलवायची गरज नाही. पुढून, पाठीमागून, बाजूने, गुंडाळीचे दोन्ही बाजूंनी आणि चिठ्ठीचा, असे फोटो दिवसाच्या उजेडात काढा. परदेशातली कित्येक लिलावगृहं फोटोंवरून प्राथमिक मत विनामूल्य देतात. भावाने तिथल्या तिथे ते घ्यावं. शिवाय एक कायदेशीर बाब आहे, ती त्याला आजच कळवा. आपल्याकडे पुराणवस्तूंविषयी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू त्यात पुराणवस्तू ठरू शकतात, आणि पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वाद्य मुळात जर्मनीत झालं म्हणून ते आपोआप सुटत नाही. तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी स्पष्टता घेतल्याशिवाय ते सामानात घालून नेणं धोक्याचं. गजावर हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा तुकडा असेल, तर वन्यजीवांच्या कायद्याची आणखी वेगळी अडचण.

आता मुलीकडे येतो. मला तुमच्या पत्रातलं तिच्याबद्दलचं वाक्य सगळ्यात जवळचं वाटलं. व्हायोलिन हे परक्या मातीतलं वाद्य. गोव्यात चर्चच्या शाळांमधून ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, गोव्याचे वादक मुंबईला गेले, आणि तिथून ते नाटकांत, मेळ्यांत, सिनेमाच्या वाद्यवृंदांत पोचलं. त्याच हवेत आजोबांनी आपलं घेतलं. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी याच वाद्यातून रागसंगीत उभं केलं. आजोबांचं व्हायोलिन याच वाटेने आपल्या मुलीपर्यंत येतंय, हे तिला सांगा. तेरा वर्षांच्या मुलीला तेवढं नक्की कळतं.

मात्र आधी मोजपट्टी घ्या. पाठीची लांबी वरून खालपर्यंत मोजा, मानेच्या बुंध्याशी येणारी छोटी अर्धगोल चकती सोडून. पूर्ण आकाराच्या नेहमीच्या व्हायोलिनची पाठ ३५.५ सेंटिमीटरच्या आसपास असते. माज्जिनी नमुन्याची ३६ च्या पुढे जाते. मग तारेची वाजती लांबी मोजा, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचेपासून घोडीपर्यंत. ती साधारण ३२.५ ते ३३ सेंटिमीटर असायला हवी. पाठ थोडी लांब असली तरी हिंदुस्थानी बैठकीत, गुंडाळी पायावर टेकवून वाजवणाऱ्या मुलीला फारशी अडचण येत नाही. पण तारेची लांबी जास्त असेल तर स्वरांमधली अंतरं बदलतात आणि बोटांची बसलेली सवय बिघडते. तेव्हा हा आकडा तिच्या गुरूंना सांगा. शिवाय या मोठ्या नमुन्याचा खर्जातला आवाज भरदार असतो. गायकी अंगाने वाजवणाऱ्याला, संथ आलापीत, तो फार उपयोगी पडतो. काही जर्मन माज्जिनी मात्र खर्जात घुमतात आणि तारसप्तकात पोकळ वाटतात. तारा चढवल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

दुरुस्ती कुणाकडून करायची हे नीट ठरवा. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यात अद्वितीय आहेत, पण व्हायोलिनची फळी उघडून बंद करणं हे वेगळं कौशल्य. गरम सरस वापरणारा, साउंडपोस्ट बसवायची हत्यारं असणारा माणूसच हवा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. तिथल्या व्हायोलिन शिक्षकांना, किंवा चर्चच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांना विचारा, ते आपली वाद्यं कुणाला देतात. त्या माणसाकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. जोड बसवणं, नवी घोडी, साउंडपोस्ट, खुंट्या घट्ट बसतील अशा करून घेणं, फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं टेकवायची पट्टी, खाली झुकलेला असेल तर तो सरळ करणं आणि कमी ताणाच्या तारा, एवढंच. पाठीवर ती वाईट भेग निघाली किंवा कीड खोल गेलेली असेल तर खर्च करू नका. मुलीचं सध्याचं वाद्य चालू ठेवा आणि आजोबांचं तसंच जपा.

एवढं कटाक्षाने टाळा. नवं वार्निश चढवू देऊ नका, ‘चमकवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात वाद्य देऊच नका. सुतारकामाचा पांढरा गोंद किंवा झटपट चिकटणारं रसायन जोडाला लावू नका. पुढच्या वेळी जोड सुटायच्या ऐवजी लाकूड फाटेल. चिठ्ठी काढू नका, उरलेली अक्षरं खरवडू नका. त्या चिठ्ठीत आता या वाद्याचा इतिहास आहे, खरवडणाऱ्याच्या हातासकट. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. माळ्यावर, पत्र्याखाली किंवा एसीच्या झोतात वाद्य ठेवू नका. नवीन तारा चढवल्यावर पहिले काही आठवडे सा नेहमीपेक्षा एक-दीड स्वर खाली लावा. वर्षानुवर्षं ताणाशिवाय राहिलेल्या लाकडाला हळूहळू सवय होऊ द्या.

काकांशी बोलताना पैशाचा विषय टाळू नका. त्यांचं म्हणणं रास्त आहे, ते वाद्य त्यांच्या वडिलांचं होतं. वाद्याची आजच्या अवस्थेतली वाजवी किंमत जाणकाराकडून लिहून घ्या, आणि त्यातला त्यांचा आणि भावाचा हिस्सा देऊ करा. जेवढी रक्कम निघेल तेवढी तुम्हाला झेपण्याजोगी असेल असं मला वाटतं. दुरुस्तीचा खर्च त्यात धरू नका, तो मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे. हिस्सा देऊन वाद्य तिच्या नावावर झालं की पुढे वीस वर्षांनी पुन्हा हाच वाद उठणार नाही. काकांना आजोबांबद्दल आठवेल ते विचारून घ्या: कुठल्या दुकानातून घेतलं, कुठल्या मेळ्यात वाजवलं, कुणाकडे शिकले. हे लिहून, खाली तारीख घालून, काकांची सही घेऊन पेटीत ठेवा. जुन्या वाद्याबरोबर असा कागद असला की पुढच्या प्रत्येक जाणकाराला मदत होते.

राहिला गज. केस झडलेत ते वयाने असतील, किंवा जुन्या पेटीच्या अस्तरात राहणाऱ्या बारीक किड्यांनी खाल्ले असतील. तेव्हा पेटी आधी उन्हात उघडी ठेवून झटकून घ्या, तेवढा वेळ वाद्य सावलीत काढून ठेवा. केस बदलायला देण्याआधी गजाच्या काठीवर, जिथे मूठ येते त्याच्या जरा वर, एखादं नाव कोरलंय का ते भिंगाने पाहा. मार्कनॉयकिर्खेनमध्ये न्यूर्नबर्गर आणि प्फ्रेट्श्नर यांच्यासारखे गज करणारे नामांकित कारागीर होते. असं काही नाव दिसलं तर त्याचा जवळून फोटो काढा आणि तो गज व्हायोलिनपेक्षा वेगळा, दुसऱ्या जाणकाराला दाखवा. अशा पेट्यांमधून कधी कधी व्हायोलिनपेक्षा गजच जास्त किमतीचा निघतो.